काट्यावर ठेवलेला वॉशर

आमच्या गाळ्यात एक नियम आहे. रात्री कुलूप लावताना वजनकाट्याची प्लेट रिकामी ठेवायची नाही. एक वॉशर तरी तिच्यावर ठेवायचा. आणि का, ते विचारायचं नाही.

शाळेत असताना मी विचारलं होतं. श्यामकाका म्हणाला, "मोठ्यांनी सांगितलं की ऐकायचं." कॉलेजात असताना पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "शिकलेल्या पोरींना एवढंच येतं, तोंड चालवायला." बाबांना विचारलं, तर बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्या घरात प्रश्नाला हीच दोन उत्तरं असतात.

गाळा नाहूरला, इंडस्ट्रियल इस्टेटीच्या अगदी मागच्या रांगेत, सार्वजनिक संडासाला लागून. आजोबांची गिरणी बंद पडल्यावर बाबांनी आणि काकाने तिथे दोन पॉवर प्रेस टाकल्या. पोलादी पत्रा आत घालायचा, प्रेस खाली येते, खट, एक वॉशर खालच्या क्रेटमध्ये. माल अंधेरीच्या एका मोटरच्या कंपनीला जातो. आत शिरलं की पहिल्यांदा तेलाचा वास नाकात बसतो, मग संडासाचा. घरी जाऊन दोनदा अंघोळ केली तरी उशीला वास येतो.

वर्षभर कंपनी ओरडत होती, माल कमी भरतोय. जुन्या काट्याची बटणं तेलानं बुजून गेली होती. शेवटी मी भांडून नवा मोजणीचा काटा आणायला लावला. तो आला त्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. पहाटे टेम्पो अंधेरीला निघायचा होता, त्यामुळे काटा त्याच रात्री लावून सगळा माल पुन्हा मोजायचा ठरलं. मी, माझा चुलतभाऊ अल्पेश, प्रेसवर काम करणारी श्वेता, आणि देखरेखीला काका नि बाबा.

काटा लावणं अवघड नसतं. टेबल घट्ट हवं, प्रेसच्या हादऱ्यापासून आणि पंख्याच्या वाऱ्यापासून लांब. काट्याच्या मागे काचेत एक बुडबुडा असतो. चारही पाय फिरवत तो गोलाच्या मधोमध आणायचा. मग चालू करायचा, आणि तो रिकाम्या प्लेटनंच. चालू होताना प्लेटवर जे असेल त्यालाच काटा शून्य समजतो. वर वॉशर ठेवून चालू केलात तर तो वॉशर काट्याच्या हिशेबी नसतोच, आणि नंतर तो उचललात की काटा उणे दाखवतो. काहीतरी होतं आणि नेलं, एवढंच त्याला कळतं.

"हे कोण सांगतंय? पुस्तक?" काका गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात सारत म्हणाला.

"पुस्तकच. वाचता येतं म्हणून वाचलं."

पन्नास वॉशर हातानं मोजले. फडक्यानं पुसून प्लेटवर ठेवले आणि काट्याला सांगितलं, हे पन्नास. काट्याला तीन खिडक्या. एकीत एकूण वजन, दुसरीत एका वॉशरचं, तिसरीत नग. तीन ग्रॅमपेक्षा थोडा जास्त असा आमचा एक वॉशर. मग रिकामा क्रेट ठेवून त्याचं वजन वजा केलं आणि माल ओतायला सुरुवात केली.

दुसऱ्याच क्रेटला कळलं, माल का कमी भरतो ते. क्रेटच्या तळाशी तेलाचा काळा रबडा साचलेला. त्यात केस, विडीचं थोटूक, एक सबंध झुरळ, पाय वर करून. इतकी वर्षं हे सगळं वॉशर म्हणून वजनात धरलं जात होतं आणि अंधेरीला जात होतं. मी हात घातला नि बाहेर काढला. नखांच्या आत शिरलेलं ते काळं फडक्याला घासूनही निघेना.

"एवढ्या तेलानं काय होतंय!" काका म्हणाला.

माल जाळीवर निथळवून पुन्हा मोजला. हजारभर नग कमी.

"मग बसव श्वेताला प्रेसवर," काका म्हणाला. "दोन तासांत होतील."

श्वेता माझ्याच वयाची. सकाळपासून तिच्या पोटात दोन केळी आणि चहा. गुरुवारचा उपास, घरी पूजा मांडायची राहिलेली. केसांत शेवंतीची वेणी तेवढी होती. ती उठली आणि मला प्रेसचं उजवं बटण दिसलं.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. आमच्या प्रेसचं उजवं बटण आगपेटीची काडी खुपसून, वर चिकटपट्टी मारून कायमचं दाबून ठेवलेलं. डाव्या हातानं बटण, उजव्या हातानं पत्रा सारायचा. माल दुपटीनं निघतो.

"काका, आधी ती काडी काढ."

"काढली तर पहाट होईल."

"होऊ दे."

"तुझ्या ‘होऊ दे’नं टेम्पो थांबत नाय, हेमांगी. बस गो श्वेता."

आणि लाईट गेली.

सगळी इस्टेट काळी झाली. गाळ्यात फक्त नवा काटा उजळत राहिला, कारण त्याला बॅटरी होती. प्लेट रिकामी. खिडकीत लाल शून्य. त्या लाल उजेडात काका उठलेला दिसला. चाचपडत काट्यापाशी गेला. प्लेटवर काहीतरी वाजलं. शून्याचे तीन झाले.

मी जाऊन वॉशर उचलला.

"हेमांगी!"

"नवीन काटा आहे हा. याला तरी सोड."

"पप्पा, मला सांगितली ती गोष्ट आज सांगून टाका ना," अल्पेश अंधारातून हसत म्हणाला. "श्वेतालाही कळू दे, इथे कोण येतं ते."

"कोण येतं?" श्वेतानं विचारलं.

काकानं माझ्या हातातून वॉशर घेतला आणि पुन्हा प्लेटवर ठेवला. मग एक क्रेट उपडा करून त्यावर बसला. बाबा दाराशी स्टुलावर होते. त्यांच्या बशीत चहा तसाच होता.

"माझ्या ओळखीचा एक होता," काका म्हणाला. "धाकू. आमच्या कणकवलीकडचाच. भांडुपला एका गाळ्यात कामाला. खरी गोष्ट हां ही, उगाच नाय सांगत. असाच मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. बायका सगळ्या पूजेला म्हणून दुपारीच गेलेल्या. एक तेवढी थांबलेली. उपास होता तिचा, पण ओव्हरटाइम हवा होता. धाकू काट्यावर माल मोजत बसलेला, बाई प्रेसवर. खट, खट, खट. एकसुरी आवाज असतो, माणसाला गुंगी येते. साडेनऊ झाले असतील. आणि एकदम..."

काकानं मूठ गुडघ्यावर आपटली.

"खट झालं. पण आवाज वेगळा."

श्वेतानं दोन्ही हात ओढणीत घेतले.

"ओरडली नाय ती. धाकू सांगायचा, ओरडलीच नाय. नुसती हाताकडे बघत बसली. उजव्या हाताची दोन बोटं. ही... आणि ही. मधल्या बोटात चांदीचं वेढणं होतं. सासूचं. असं रुतून बसलेलं की साबण लावला तरी निघायचं नाय."

"मग?"

"मग काय. रिक्षा बोलावली, नेली दवाखान्यात. धाकू एकटा राहिला. लादी पुसली त्यानं. प्रेसखालचा क्रेट उचलून काट्यावर ठेवला. प्रेसवर आकडा असतो ना, किती वेळा खाली आली त्याचा. आकडा म्हणतो चार हजार. काटा म्हणतो चार हजार सात."

"तेल," अल्पेश म्हणाला.

"तेल. तोसुद्धा तेच म्हणाला. गोणीत ओतलं, गोणी शिवली, दाराशी ठेवली." काकाचा आवाज खाली आला. "साडेअकरा वाजले. प्लेट रिकामी. धाकू दिवा बंद करायला उठला. सहज काट्याकडे बघितलं..."

कुठेतरी नळ गळत होता. तेवढाच आवाज.

"बावीस ग्रॅम."

आम्ही सगळ्यांनी खिडकीतल्या तीनकडे बघितलं.

"रिकामी प्लेट. बावीस ग्रॅम. त्यानं फुंकर मारली. बावीस. फडकं मारलं. बावीस. काटा बंद केला, चालू केला. शून्य. हां, म्हटलं, सुटलो. पाठ फिरवली... आणि मागे आवाज. टिक. चांदी लोखंडावर टेकावी तसा... वळला. बावीस. बघता बघता शून्य. टिक. बावीस. शून्य... कोणीतरी ठेवतंय. उचलतंय. पुन्हा ठेवतंय..."

खोटं कशाला बोलू, माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. काका गोष्ट छान सांगतो. तोंडात गुटखा असतानाही.

"धाकूच्या हातात वॉशर होता. तो त्यानं प्लेटवर ठेवला. का ठेवला, त्यालाच ठाऊक नाय. ठेवला... आणि थांबलं. तेव्हापासून हे असं. प्लेट रिकामी दिसली की ती येते. आपली बोटं ठेवून बघते. प्लेटवर काही असलं की तिला वाटतं, अजून माल मोजतायत. मग जाते निघून."

"आणि ती बाई?" श्वेतानं विचारलं.

"गावाला गेली. जखम चिघळली. मेली."

दाराशी बाबा खोकले. बशी स्टुलावर ठेवताना खडखडली.

"काका, नाव काय होतं तिचं?" श्वेता पुढे सरकली.

"असेल काहीतरी. मला काय माहीत, धाकूला माहीत."

"मंजुळा का?"

लाल उजेडात काकाचा जबडा हलायचा थांबलेला मला दिसला.

"मुलुंडच्या मार्केटात वेण्या विकायला बसते ना, ती मंजुळामावशी," श्वेता म्हणाली. तिचा आवाज साधाच होता, आठवून आठवून सांगत होती. "तिला उजव्या हाताची हीच दोन बोटं नाहीत. वेढण्याचं तीच सांगते, साबणानं पण निघायचं नाही म्हणून. पण ती भांडुप नाही म्हणत. नाहूरला होते म्हणते, वॉशरच्या गाळ्यात. मला वाटलं, असतील दहा गाळे..." तिनं वेणीला हात लावला. "ही वेणी तिच्याचकडची. आज सकाळी घेतली. डाव्या हातानं गुंफते."

अंधारात शेवंतीचा वास आला. तेलाच्या त्या घाणीत इतका स्वच्छ की मला तो सहन होईना.

"काका," मी म्हटलं, "दवाखान्यातून फोन आला होता?"

"कसला फोन?"

"बोटं बर्फात घालून आणा म्हणून. लवकर आणली तर कधी कधी जोडता येतात. डॉक्टर आधी तेच विचारतात."

"शोधली. सापडली नाय."

"कोणी शोधली?"

"धाकूनं."

"सात नग जास्त भरले, तिथे शोधली?"

काका क्रेटवर सरकून बसला.

"गोणी उसवली होती का, काका?"

"टेम्पो दारात उभा होता," काका म्हणाला. "उसवायची म्हणजे सगळा माल परत मोजायचा." मग गुटखा गालात सारून म्हणाला, "धाकूला."

मघाशी ज्या रबड्यात हात घातला होता तो आठवला, केस, थोटूक, झुरळ. त्यातच दोन बोटं, सासूच्या वेढण्यासकट. सात वॉशर म्हणून मोजलेली. शिवून अंधेरीला पाठवलेली. तिकडे कोणीतरी गोणी फोडली असेल. त्यांचाही फोन आला असेल, आणि त्यांनाही कोणीतरी सांगितलं असेल, तेल असेल. मी तोंडावर हात दाबला, तर हातालाच तो वास.

"जिवंत बाईचं भूत केलंत तुम्ही," मी म्हटलं. "मार्केट इथून रिक्षानं दहा मिनिटं. रोज बसते ती. तिला जाऊन बघणं जड झालं, म्हणून तिला मारून टाकली आणि पोरांना घाबरवायला गोष्टीत घातली. वर तिला फसवायला वॉशर ठेवताय. रोज! आणि काडी? ती काडी तेव्हापासून तशीच आहे ना? तीच?"

"तोंड सांभाळ," काका म्हणाला. "याच प्रेसवर शिकलीस तू. तुझ्या कॉलेजची फी..."

"माहीत आहे. म्हणूनच किळस येतेय."

"रामा, सांग हिला काहीतरी," काका दाराकडे वळून म्हणाला.

बाबांनी बशी उचलली, पुन्हा ठेवली.

लाईट आली. ट्यूब दोनदा फडफडून लागली, पंखा घरघरला, प्रेसवरचा हिरवा दिवा पेटला. उजेडात सगळे एकदम म्हातारे दिसले. अल्पेशसुद्धा.

काका गुडघ्यांवर हात टेकून उठला. जणू गोष्ट झाली, लाईट आली, विषय संपला. "चला. श्वेता, बस गो प्रेसवर. हेमांगी, वॉशर सकाळपर्यंत हलवायचा नाय. बाजूला जुना काटा आहे, त्यावर मोज."

श्वेता उठली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मग आपल्या उजव्या हाताकडे. पाची बोटं तिनं हळूच मिटली आणि उघडली.

मी प्रेसपाशी गेले. चिकटपट्टी तेलानं मऊ पडली होती, कातडी सोलावी तशी निघाली. खालची काडी काळी, फुगलेली. नखानं उचकटून काढली. बटण टपकन वर आलं. इतक्या वर्षांनी.

"हेमांगी, माल पोचला नाय तर कंपनी जाईल हातची."

"जाऊ दे. श्वेता आधी जेवेल. मग बसायचं की नाही ते ती ठरवेल, आणि बसली तर दोन्ही बटणांवर. टेम्पो थांबला तर थांबला, नाहीतर रिकामा जाईल. आणि उद्या सकाळी मार्केटात मी जाणार आहे. तू यायचं की नाही ते तू बघ. बाबा, तुम्हीही."

मग काट्यापाशी आले. प्लेटवरचा वॉशर उचलून क्रेटमध्ये टाकला. फडक्यानं प्लेट पुसली, कोपरेसुद्धा. शून्याचं बटण दाबलं आणि खिडकीत शून्य स्थिर होईपर्यंत थांबले. मग सगळ्यांना दिसेल अशी चार पावलं मागे सरले.

"प्लेट रिकामी राहील," मी म्हटलं. "आज आणि रोज. मी वॉशर ठेवणार नाही. कोणाला ठेवू देणार नाही. तिला यायचं असेल तर येऊ दे. तिची वस्तू आहे."

"तुका काय समजता गो..." काकानं बोट उगारलं.

टिक.

अगदी हलका आवाज. चांदी लोखंडावरून उचलावी तसा.

काकाचं बोट हवेतच राहिलं. बाबा स्टुलावरून उठून उभे होते. कधी उठले, कोणी पाहिलं नव्हतं. काट्याजवळ कोणी नव्हतं. प्लेट कोरडी, चकचकीत, रिकामी.

खिडकीत लाल आकडे होते. उणे बावीस.

काहीतरी होतं आणि नेलं, एवढंच काट्याला कळलं.